‘मोटर जळली’ म्हणण्याआधी

आपल्याकडे कुठलंही यंत्र बंद पडलं की निदान ठरलेलं असतं: ‘मोटर जळली.’ मिक्सर असो, शेतावरचा पंप असो, नाहीतर मेसमधला एक्झॉस्ट फॅन असो. निदान करणाऱ्याने बहुतेक वेळा मोटर उघडलेली नसते, मीटर लावलेला नसतो, साधा वाससुद्धा घेतलेला नसतो. पंपाच्या बाबतीत हे निदान चुकलं तरी फार बिघडत नाही. वाइंडिंगवाला मोटर उघडतो आणि खरं काय ते सांगतो. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मॉडेल रेल्वेच्या इंजिनाला हेच वाक्य लावलं, की तो थेट मृत्यूचा दाखला ठरतो. इंजिन कपाटात जातं, तिथून माळ्यावर आणि घर बदलताना भंगारात.

गेल्या काही वर्षांत अशा आठ-दहा मोटरी माझ्या हाताखालून गेल्या. जवळजवळ सगळ्या ‘जळलेल्या’ म्हणूनच आल्या होत्या. खरोखर जळलेली निघाली ती एकच. बाकीच्या अडकलेल्या होत्या, मळलेल्या होत्या, किंवा आधी कुणीतरी ‘दुरुस्त’ केल्यामुळे बंद पडल्या होत्या. या मोटरी कशा तपासायच्या आणि कशा सांभाळायच्या, हे या लेखात सांगायचं आहे. त्यासाठी लागणारी विद्या सगळी आपल्याच डीसी मशिन्सच्या पुस्तकात आहे. आपण ती पाठ करतो आणि व्हायवा संपला की सोडून देतो, एवढंच.

ही इंजिनं कुठली?

मॉडेल रेल्वे म्हटल्यावर जत्रेतली चावीची गाडी डोळ्यांपुढे आणू नका. ही खऱ्या इंजिनांची मोजून-मापून केलेली लहान रूपं. जर्मनीतल्या गोपिंगेन गावची मार्क्लिन ही कंपनी १८५९ सालची. इंग्लंडमध्ये मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी याच्या कंपनीने १९३८ साली ‘हॉर्नबी डब्लो’ ही छोट्या मापाची गाडी बाजारात आणली. पुढे १९५०च्या दशकात ‘ट्रायअँग’ने स्वस्त आणि दणकट गाड्या काढून तिच्याशी स्पर्धा सुरू केली. १९६४ साली ट्रायअँगच्या मालकांनी मेकॅनो कंपनीच विकत घेतली आणि १९७२ पासून या गाड्या ‘हॉर्नबी रेल्वेज’ नावाने विकल्या जाऊ लागल्या.

ब्रिटिश गाड्यांचं हे माप १:७६ आणि दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. रुळांतून १२ व्होल्ट डीसी वाहतो, चाकं तो उचलतात आणि मोटरला देतात. दिशा बदलायची तर ध्रुव उलटे करायचे. साठच्या दशकात शिकायला किंवा नोकरीला इंग्लंडला गेलेल्या काही जणांनी येताना असे संच आणले. त्यातले काही आजही आपल्याकडच्या घरांत आहेत. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांनी एकदा जरूर पाहावं. बारक्या मोटरींवर केवढं मोठं गाव चालवता येतं हे तिथे कळतं.

आत काय असतं?

मोटर काडेपेटीहून लहान. एक कायमचं चुंबक, त्याच्या दोन ध्रुवांमध्ये फिरणारं आर्मेचर, शाफ्टवर तांब्याचा कम्युटेटर आणि त्याला टेकलेले दोन कार्बन ब्रश. शाफ्टच्या टोकाला वर्म आणि त्यात गुंतलेलं चाकाच्या आसावरचं गिअर. बस, एवढंच.

आर्मेचरला बहुधा तीन दात असतात, म्हणजे तीन पोल. तीनच का, हा व्हायवाचा आवडता प्रश्न. दोन पोल ठेवले तर आर्मेचर अशा जागी थांबू शकतं की तिथून सुरूच होणार नाही. हाताने ढकलावं लागेल. तिसरा पोल आला की कुठल्याही जागी निदान एक कॉइल तरी ढकलायला तयार असते. पाच पोल असले तर चाल आणखी मऊ होते, विशेषतः अगदी हळू चालवताना.

ट्रायअँगची ‘एक्स ०४’ ही या घराण्यातली गाजलेली मोटर. उघडी, साधी, सगळं बाहेरून दिसणारी. शिकायला याहून चांगली मोटर मिळणार नाही. हॉर्नबीची ‘रिंगफील्ड’ आणि इटलीच्या लिमाची चपटी मोटर यांत कम्युटेटर नळीसारखा नसून थाळीसारखा सपाट असतो आणि ब्रश त्यावर समोरून टेकतात. ब्रशमागे बारीक स्प्रिंग असतात. टोपी काढताना त्या उडतात आणि कॉटखाली गेल्या की सापडत नाहीत. म्हणून हे काम पांढऱ्या ट्रेमध्ये किंवा टॉवेल पसरूनच करावं.

आधी अडकते, मग जळते

आता मुद्द्याचं बोलू. मोटर फिरत असताना तिच्यात बॅक ईएमएफ तयार होतो आणि तो बाहेरच्या व्होल्टेजला विरोध करतो, हे आपल्याला माहीत आहे. हा बॅक ईएमएफ म्हणजे मोटरचा खरा रक्षक. तो वेगावर अवलंबून असतो. वेग शून्य, तर रक्षकही शून्य.

उदाहरणादाखल समजा, ब्रशमधून मोजलेला रेझिस्टन्स ६ ओहम आहे. मोटर नीट चालते तेव्हा ती ०.३ अँपिअर घेते. म्हणजे तारांमध्ये जाणारं व्होल्टेज १.८, उरलेले १०.२ व्होल्ट बॅक ईएमएफ, आणि तारांत होणारी उष्णता साधारण अर्धा वॅट. आता हीच मोटर अडकली असं समजा. १२ भागिले ६, दोन अँपिअर. उष्णता २४ वॅट. अर्ध्या वॅटच्या चव्वेचाळीसपट! आपण प्रोजेक्टला वापरतो ती सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. म्हणजे अडकलेल्या मोटरीला पूर्ण व्होल्टेज देणं म्हणजे काडेपेटीएवढ्या जागेत सोल्डरिंग आयर्न तापवत ठेवणं. तारेवरचं इनॅमल किती वेळ टिकणार?

आणि या मोटरी अडकतात कशाने? तेलाने. चाळीस वर्षं पडून राहिलेलं तेल हवेने घट्ट होतं, पिवळं-तपकिरी होतं आणि बेअरिंगमध्ये डिंकासारखं बसतं. गिअरमधल्या ग्रीसचं मेण होतं. बापडी मोटर ठीक असते, फक्त हलू शकत नाही. मालक कौतुकाने इंजिन रुळांवर ठेवतो, कंट्रोलर थोडा फिरवतो, काही होत नाही. आणखी फिरवतो. ‘अजून थोडं’ म्हणत टोकाला नेतो. मग वास येतो. अशी मोटर वयाने मरत नाही. माळ्यावरून काढल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत मरते.

म्हणून पहिला नियम: जुन्या इंजिनाला आधी वीज द्यायची नाही. आधी बोटाने फिरवायचं.

उघडण्यापूर्वी

इंजिनाची वरची बॉडी काढा. स्क्रू कुठला कुठून काढला हे लिहून ठेवा किंवा मोबाइलवर फोटो काढा. नंतर वर्म बोटाच्या टोकाने फिरवून पाहा. फिरत नसेल तर दोष मोटरचा की चाकांचा, हे आधी ठरवायला हवं. मोटर सांगाड्यापासून सोडवा. चाकं सैल फिरतात का? मोटर एकटी फिरते का? प्लास्टिकचं गिअर आसावर तडकलेलं असेल तर गाडी प्रत्येक फेऱ्याला एकदा अडखळते, आणि लोक त्याचंही खापर मोटरवर फोडतात.

डोळ्यांनी बघा: वाइंडिंगचं इनॅमल सगळीकडे एकाच रंगाचं आहे का? एकच कॉइल काळवंडली असेल तर संशय घ्यावा. नाकाने बघा: जळलेल्या इनॅमलचा वास वर्षानुवर्षं जात नाही.

संचाबरोबर आलेला जुना कंट्रोलर मात्र वापरू नका. त्यात घरातली वीज येते आणि इतक्या वर्षांत वायरचं रबर तडकलेलं असतं. लॅबमधला रेग्युलेटेड पॉवर सप्लाय सगळ्यात चांगला, कारण त्यात करंटची मर्यादा लावता येते.

तीन आकड्यांची परीक्षा

‘जळली की नाही’ हे ठरवायला साधा मल्टिमीटर पुरतो. ब्रश उचलून बाजूला करा किंवा मध्ये कागदाचा कपटा घाला. कम्युटेटरचे तीन तुकडे असतात; त्यांना क, ख, ग म्हणू. बहुतेक तीन पोलच्या मोटरींत कॉइल डेल्टामध्ये जोडलेल्या असतात: प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये एक कॉइल. आता क-ख, ख-ग, ग-क असे तीन रेझिस्टन्स मोजा. मीटरच्या वायरींचाही थोडा रेझिस्टन्स असतो; दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून तो आधी मोजा आणि वजा करा.

समजा प्रत्येक कॉइल ९ ओहमची आहे. आपण दोन तुकड्यांमध्ये मोजतो तेव्हा एक कॉइल आणि तिला समांतर उरलेल्या दोन कॉइल मोजल्या जातात. ९ आणि १८ समांतर, म्हणजे ६. मग:

• मोटर निरोगी: ६, ६, ६.
• एक कॉइल तुटलेली: १८, ९, ९. तुटलेल्या कॉइलच्या टोकांवर १८ येतात, कारण तिथे आता फक्त बाकीच्या दोन एकामागोमाग उरल्या.
• एक कॉइल पूर्ण शॉर्ट: ०, ४.५, ४.५.
• एका कॉइलचे काही वेढे शॉर्ट होऊन ती ९ ऐवजी ६ ओहमची झालेली: ४.५, ५.६, ५.६.

शेवटची ओळ नीट बघा. फरक लहान आहे, पण आहे. आकडे किती आले यापेक्षा तिन्ही सारखे आले का, हे महत्त्वाचं. चौथं माप म्हणजे कुठलाही तुकडा आणि शाफ्ट. इथे मीटरने काहीच दाखवता कामा नये. दाखवलं तर वाइंडिंग लोखंडाला लागलं आहे.

१८-९-९ आलं म्हणून लगेच रिवाइंडिंगला धावू नका. तार तुटते ती बहुतेक वेळा कम्युटेटरच्या कानाशी, सोल्डरच्या जागी. भिंगाने बघा. टोक सापडलं तर इनॅमल हलकेच खरवडून, रोझिन असलेल्या सोल्डरने, दोन सेकंदांत काम उरका. आयर्न जास्त वेळ टेकवली तर कम्युटेटरचा तुकडा खालच्या प्लास्टिकमध्ये सैल होतो. आम्लाची पेस्ट अजिबात नको. ती पुढे महिनोन्‌महिने तार खात राहते.

आणि खरंच शॉर्ट असेल तर? तर रिवाइंडिंग. जुनी तार सोडताना वेढे मोजायचे, मायक्रोमीटरने जाडी मोजायची, गुंडाळायची दिशा लिहून ठेवायची, आणि तिन्ही पोलवर तंतोतंत तेवढेच वेढे घालायचे. एका पोलवर पाच वेढे कमी झाले तर मोटर चालते, पण थरथरते. काम किचकट आहे, अशक्य नाही.

एका जिंटीची गोष्ट

ही परीक्षा किती उपयोगाची आहे ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्या ओळखीच्या एका आजोबांकडे ट्रायअँगचं ‘जिंटी’ इंजिन होतं. जिंटी म्हणजे ब्रिटिश रेल्वेचं सहा चाकी शंटिंग इंजिन, काळं आणि ठेंगणं. आजोबांनी ते इंग्लंडमध्ये शिकत असताना घेतलेलं. नातू सुट्टीला यायचा होता आणि त्याला ते चालताना दाखवायचं होतं. त्यांनी ते आधी एका दुरुस्तीवाल्याला दिलं होतं. त्याने साफ केलं, स्प्रिंग बदलली, पण चालेना. सप्लाय लावला की लगेच ट्रिप होई. निदान आलं: ‘आतून शॉर्ट आहे, जळली. शोकेसमध्ये ठेवा.’

माझ्याकडे आलं तेव्हा ब्रशच्या दोन टोकांवर मीटर जवळजवळ शून्य दाखवत होता. निदान बरोबर वाटावं असंच. पण ब्रश उचलून कम्युटेटर मोजला तर तिन्ही आकडे सारखे! शाफ्टशी काही लागत नव्हतं. म्हणजे आर्मेचर ठणठणीत, आणि शॉर्ट होता तो आर्मेचरच्या बाहेर.

एक्स ०४ मोटरमध्ये दोन्ही ब्रश दाबायला एकच तारेची स्प्रिंग असते. तिचे दोन पाय दोन ब्रशच्या पट्ट्यांवर टेकतात. आता स्प्रिंग पोलादाची, म्हणजे वीज वाहणारी. म्हणून मूळ मोटरमध्ये तिच्या एका पायावर इन्शुलेशनची बारीक नळी घातलेली असते. नवी स्प्रिंग बसवताना ही नळी जुन्या स्प्रिंगबरोबर फेकली गेली होती. दोन्ही ब्रश स्प्रिंगमधूनच एकमेकांना जोडले गेले होते. वीज आर्मेचरपर्यंत पोहोचतच नव्हती.

इलाज काय? एका बारीक वायरचं चार मिलिमीटर इन्शुलेशन सोलून त्या पायावर सरकवलं. खर्च शून्य. पाच व्होल्टवर मोटर फिरू लागली. ज्या इंजिनाला शोकेसची शिक्षा झाली होती, त्याचा दोष चार मिलिमीटरचा होता. मोजलं नसतं तर कळलं नसतं.

साफसफाई

मोटर निरोगी ठरली की मग साफसफाई. कम्युटेटर काळा पडलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी टेकवून शाफ्ट बोटाने फिरवत राहा. काडी काळी झाली की दुसरी घ्या. स्वच्छ निघेपर्यंत करत राहा. मग तुकड्यांमधल्या खाचा. त्यात कार्बनची पूड आणि तेल मिळून चिखल झालेला असतो आणि तो वीज वाहतो. तो काढायला लाकडी टूथपिक उत्तम. सुई किंवा ब्लेडने तांब्याला ओरखडे पडतात आणि त्यात पुन्हा कार्बन भरतो.

कम्युटेटर खडबडीत झाला असेल तर अगदी बारीक, हजारच्या पुढचा सँडपेपर हलका फिरवावा. एमरी पेपर नको. त्याचे कण वीज वाहू शकतात आणि खाचांत बसले की शॉर्ट करतात. हे पुस्तकात मोठ्या मशिनसाठी लिहिलेलं असतं, पण लहान मोटरला तर ते दुप्पट लागू. अ‍ॅसिटोनही नको, ते प्लास्टिक आणि इनॅमल दोन्ही खातं. आणि अल्कोहोल वापरताना खिडकी उघडी ठेवा, जवळ उदबत्ती किंवा सिगारेट नको. हॉस्टेलवाल्यांना हे वेगळं सांगायला नकोच, पण सांगतो.

ब्रश झिजून पट्टीला टेकायला आले असतील तर बदला. एक्स ०४सारख्या मोटरींचे ब्रश आणि स्प्रिंग इंग्लंडमध्ये अजूनही नवे बनवून विकले जातात. नवा सपाट ब्रश गोल कम्युटेटरला आधी एका रेघेवरच टेकतो, म्हणून ठिणग्या उडतात. कमी व्होल्टेजवर दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास मोटर मोकळी चालू ठेवली की ब्रशला कम्युटेटरचा आकार येतो. स्प्रिंगचा दाबही बेताचा हवा. सैल असली तर ठिणग्या, घट्ट असली तर घर्षण आणि झीज.

चुंबकाला हात लावू नका

या सगळ्या कामात एक गोष्ट अशी आहे की जी केली की परत फिरता येत नाही. ती म्हणजे चुंबक काढणं. मोटर ‘पूर्ण खोलून’ साफ करायचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरा.

त्या काळातल्या बऱ्याच मोटरींत अल्निको चुंबक असतं. लोखंडात अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळून केलेलं. १९३१ साली जपानच्या मिशिमा यांनी शोधलेल्या पोलादातून हे घराणं सुरू झालं. अल्निकोची ताकद चांगली, पण स्वभाव हळवा. त्याची कोअर्सिव्हिटी कमी असते. मोटरमध्ये असतं तेव्हा चुंबकाच्या रेषांना ध्रुव आणि आर्मेचर यांच्या लोखंडातून सोपी वाट असते. चुंबक बाहेर काढलं की ती वाट तुटते, रेषांना हवेतून जावं लागतं, आणि चुंबकाचा कार्यबिंदू डीमॅग्नेटायझेशन कर्व्हवर गुडघ्याच्या खाली घसरतो. परत बसवलं तरी तो पूर्वीच्या जागी चढत नाही. ताकद कायमची गेली. नुसतं आर्मेचर बाहेर काढलं तरी थोड्या प्रमाणात हेच होतं.

अशी कमजोर चुंबकाची मोटर ओळखायची कशी? ती उलट जास्त पळते! फ्लक्स कमी झाला की तेवढाच बॅक ईएमएफ तयार करायला जास्त वेग लागतो. म्हणून टेबलावर मोकळी ठेवली तर भन्नाट फिरते आणि आपल्याला वाटतं, वा, काय मोटर आहे! तीच रुळांवर चार डबे जोडून ठेवली की गुडघे टेकते. हिशोब करा: फ्लक्स ७० टक्के उरला तर तेवढाच टॉर्क द्यायला करंट १.४३ पट लागतो आणि उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे दुपटीहून थोडी जास्त. ‘पळते पण ओढत नाही, आणि गरम होते’ अशी तक्रार आली की वाइंडिंगच्या आधी चुंबकावर संशय घ्या.

काढणं टळतच नसेल तर चुंबक सरकवतानाच त्याच्या ध्रुवांवर मऊ लोखंडाचा तुकडा टेकवा, म्हणजे रेषांची वाट तुटत नाही. याला कीपर म्हणतात. ताकद गेलेल्या चुंबकाला पुन्हा चुंबकत्व देता येतं, पण त्याला कॉइलमधून क्षणभर प्रचंड करंट सोडणारं यंत्र लागतं. खोलीवर कपॅसिटर जोडून हा प्रयोग करू नये, जिवाशी खेळ आहे. काही जण अल्निको काढून त्या जागी १९८०च्या दशकात आलेली निओडिमियम चुंबकं आणि लोखंडी पट्टी बसवतात. हा मार्ग चालतो, मोटर कमी करंट घेते. पण फार तगडं चुंबक लावलं तर आर्मेचर प्रत्येक पोलपाशी अडखळतं आणि हळू चाल बिघडते. शिवाय मोटर मूळची राहत नाही, हे मालकाला विचारूनच करावं.

मार्क्लिनचं निराळं

वरचं सगळं ब्रिटिश डीसी मोटरींसाठी. जुन्या मार्क्लिनची चाल वेगळी. ती १६ व्होल्ट एसीवर चालते. आत कायमचं चुंबक नसतं, फील्ड कॉइल असते. म्हणजे आपल्या मिक्सरसारखी युनिव्हर्सल मोटर. दिशा बदलायला क्षणभर २४ व्होल्ट देतात. त्याने इंजिनातला रिले उलटतो आणि दुसरी फील्ड कॉइल जोडली जाते. दोन ब्रशही एकसारखे नसतात. एक कार्बनचा, दुसरा तांब्याच्या जाळीचा. दुरुस्त करणारे अनेकदा समजतात की कुणीतरी चुकीचा ब्रश बसवला आहे. तसं नाही, ते तसंच असतं. इथे चुंबकाची भीती नाही, त्यामुळे उघडायला ही मोटर जास्त निर्धास्त.

तेल किती?

शिलाई मशीनचं हलकं तेल चालतं. बाटलीचं नाक लावून नाही, तर सुईच्या टोकावर उचलून, प्रत्येक बेअरिंगला एक थेंब. थेंबही मोठा झाला तर तेल शाफ्टवरून कम्युटेटरवर जातं, कार्बनमध्ये मिसळतं आणि पुन्हा तोच चिखल. काही मोटरींत बेअरिंगपाशी तेल धरून ठेवणारा नमदा असतो. तो कोरडा असेल तर त्याला दोन थेंब. गंज सोडवायचे स्प्रे हे वंगण नव्हे. त्यांतलं द्रावण उडून जातं आणि मागे धूळ धरणारा पातळ थर राहतो.

मग चाचणी. सप्लायची करंट मर्यादा अर्ध्या अँपिअरवर ठेवा आणि शून्यापासून व्होल्टेज हळूहळू वाढवा. कितीला फिरू लागली, १२ व्होल्टला मोकळी चालताना किती करंट घेते, दहा मिनिटांनी हात लावला तर किती गरम, हे वहीत लिहा. हीच नोंद पुढच्या वर्षी कामाला येते. करंट वाढलेला दिसला की समजायचं, तेल सुकलं किंवा चुंबक थकलं. मोटर बोलत नाही, पण तिचा करंट बोलतो.

आजकाल काही जण जुन्या इंजिनात डिजिटल डीकोडर बसवतात. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की जुन्या मोटरींत एक ब्रश सरळ सांगाड्याला जोडलेला असतो. तो वेगळा केल्याशिवाय डीकोडर जोडला तर यावेळी मात्र खरंच काहीतरी जळेल.

आपण काय करायचं?

तुमच्याकडे ट्रायअँगचं इंजिन असेलच असं नाही. पण बंद पडलेल्या सीडी प्लेअरमध्ये, जुन्या खेळण्यात, टेपरेकॉर्डरमध्ये तीन पोलची डीसी मोटर हमखास असते. एक उघडा. कम्युटेटरचे तीन तुकडे शोधा, तीन आकडे मोजा, आणि मग एक कॉइल मुद्दाम तोडून पुन्हा मोजा. १८-९-९चं प्रमाण मीटरवर उमटलेलं पाहिलं की डेल्टा कनेक्शन पुन्हा पाठ करावं लागणार नाही.

आणि कुणी एखादं जुनं यंत्र पुढ्यात ठेवून ‘जळलंय हो, टाकून द्यायचं का?’ असं विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी मीटर काढा. टाकून देणं केव्हाही जमतं. ते शेवटचं काम आहे, पहिलं नाही.